कुत्र्याची शी तपासून देणारा दवाखाना: पाचपैकी साडेचार

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार, अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच. रिव्ह्यू कशाचा तर शी तपासणीचा. हसा खुशाल. ग्रूमिंगचे रिव्ह्यू सापडतात, डॉग हॉस्टेलचे सापडतात, कुत्र्याच्या वाढदिवसाचा केक करून देणाऱ्यांचे पण ढीगभर असतात, पण कुत्र्याची शी मायक्रोस्कोपखाली धरून नीट बघून देणाऱ्या जागेबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. दवाखाना रत्नागिरीच्या बाजूचा आहे. एक व्हेट मॅडम आणि एक मदतनीस मुलगा, एवढाच स्टाफ. नाव टाकत नाहीये कारण मॅडमच म्हणाल्या की नको गं बाई, पावसाळ्यात आधीच फोन खाली ठेवता येत नाही. आसपास राहणाऱ्यांना बहुतेक कळलंच असेल कोण ते.

तर आमची खारी. गावठी, चार-पाच वर्षांची, ऑपरेशन झालेली, लसी वेळेवर. घराला चिऱ्याचा गडगा, मागे आगर, लाल माती, आणि जूनला जी ओली होते ती माती सप्टेंबर संपेपर्यंत सुकायचं नाव घेत नाही. ही बया दिवसभर त्यातच. तिला झालं काय म्हणाल तर डोळ्यात भरेल असं काहीच झालं नाही. उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही, जेवण तर ताट सरकवत सरकवत चाटून पुसून. फक्त अंगावरची चमक गेली, हात फिरवला की बरगड्या लागायला लागल्या, पोस्टमन आला की गेटपर्यंत सुटायची ती पडवीत बसल्या जागेवरून भुंकायला लागली, आणि मधेच माती चाटताना दिसायची. बाबांचं म्हणणं वय झालं तिचं. पाच वर्षांच्या कुत्र्याचं कसलं डोंबलाचं वय होतंय!

आधी एकीकडे दाखवलं होतं, तिथे शीचा एक कण काचेवर पाण्याच्या थेंबात कालवून बघितला, कागदावर ‘निल’ लिहिलं, टॉनिकची बाटली दिली आणि आम्ही घरी. त्या पद्धतीला डायरेक्ट स्मिअर म्हणतात आणि ती फसवणूक वगैरे अजिबात नाही, वळवळणारे जिआर्डियासारखे जीव बघायला ती उपयोगीच पडते, पण काचेवर जातो तो शीचा इतका बारीक कण की त्यात जंताचं अंडं सापडणं नशिबाचा भाग. भरमसाट जंत असतील तर सापडेल. मध्यम असतील तर बहुतेक निसटतील. आणि हे ‘निल’ फार वाईट कारण ते वाचलं की आपण जंत हा विषयच डोक्यातून काढून टाकतो आणि मग थायरॉइड, लिव्हर, फूड ॲलर्जी असल्या महागड्या गल्ल्यांमधून फिरत बसतो.

मग एका मैत्रिणीने या मॅडमचं सुचवलं. त्यांनी सगळ्यात आधी खारीचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. फिक्या. आता आमच्याकडे फिकी हिरडी म्हटलं की पहिलं नाव गोचीड तापाचंच येतं आणि ते बरोबरही आहे, गोचिडीतून येणारे बबेसिया आणि एर्लिकिया दोन्ही रक्त खाली आणतात. म्हणून रक्त काढलं. हिमोग्लोबिन साडेआठ, जे निरोगी कुत्र्यात साधारण बारा ते अठरा असतं. पण गोचीड तापाचं काही सापडेना, एर्लिकियात प्लेटलेट्स पडतात त्या हिच्या पडलेल्या नव्हत्या, उलट जरा जास्तच होत्या, आणि तांबड्या पेशी आकाराने लहान आणि रंगाने फिक्या. मॅडम म्हणाल्या, ‘‘हे लोह कमी पडल्याचं चित्र आहे. रक्त बनतंय पण कुठूनतरी झिरपतंय, आणि बाहेर दिसत नाही म्हणजे आत झिरपतंय. उद्या सकाळची शी घेऊन ये.’’

मी सांगितलं की शी बघून झालीये, काही निघालं नाही. त्यावर त्यांनी ‘‘कशी बघितली?’’ एवढंच विचारलं. हा प्रश्न ज्या दवाखान्यात विचारतात तिथे डोळे मिटून जावं असं माझं मत झालंय.

आता शी कशी न्यायची यावर त्यांचे नियम आहेत आणि मुलगा ते फोनवर पाठ म्हटल्यासारखे सांगतो. ताजी हवी. जमिनीला टेकलेला भाग घ्यायचा नाही, वरचा घ्यायचा, कारण मातीत आपापले निरुपद्रवी किडे असतात ते नमुन्यात शिरले की उगाच घोटाळा. चमचाभर पुरते. दोन-तीन तासांत पोचवायची, जमणार नसेल तर घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही. (आईने फ्रिजला साफ नकार दिला, मासळीचा डबा आणि हा डबा एका छपराखाली राहणार नाही म्हणे, म्हणून मी सकाळी सकाळी स्कूटर काढली.) ताजी का, तर हुकवर्मची (म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंताची) अंडी आपल्याकडच्या उबेत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आतून अळी बाहेर येते, मग बघणाऱ्याला अंडं नाही तर अळी दिसते आणि ती जंताची की मातीतल्या किड्याची हे ठरवत बसावं लागतं.

तपासणी माझ्यासमोरच केली, हा भाग मला फार आवडला. शी पाण्यात कालवून गाळून घेतली, ट्यूबमध्ये झिंक सल्फेटचं द्रावण घातलं आणि सेंट्रिफ्यूजला, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या यंत्राला लावली. तत्त्व साधं आहे, खारट पाण्यात कोंबडीचं अंडं वर येतं ना, तसंच. द्रावण अंड्यापेक्षा जड केलं की अंडी वर तरंगतात आणि बाकीचा गाळ खाली बसतो. मीठ, साखर, झिंक सल्फेट यातलं काहीही वापरतात, साखरेचं द्रावण सगळ्यात जड म्हणून जड अंडी त्यात छान वर येतात पण जिआर्डियाच्या गाठी (कवचात बंद झालेले जिआर्डिया) त्यात आकसून ओळखू येत नाहीत, झिंक सल्फेटमध्ये त्या बऱ्या राहतात. नुसतं ट्यूब उभी करून ठेवली तरी अंडी तरंगतात, बऱ्याच ठिकाणी तेवढंच करतात, पण सेंट्रिफ्यूजने गरगर फिरवून घेतलं की पकडली जाणारी अंडी कितीतरी वाढतात. मग ट्यूबच्या तोंडावर पातळ काच ठेवून दहा मिनिटं थांबायचं आणि ती काच मायक्रोस्कोपखाली.

आणि दिसली की! लंबगोल, पातळ कवचाची, आत चार-आठ पेशींचा गोळा. हुकवर्म. मॅडमनी मला पण डोळा लावू दिला. एका काचेवर इकडेतिकडे बरीच पसरलेली होती आणि तोपर्यंत ‘निल’ म्हणून आम्ही निवांत.

इथे बऱ्याच जणांचं जे ठाम मत असतं त्याबद्दल बोलायला हवं, की शीत जंत दिसले नाहीत म्हणजे जंत नाहीत. दिसतात ते कोणते? राउंडवर्म, जे शेवयांसारखे लांब असतात आणि पिल्लांच्या उलटीत किंवा शीत येतात, आणि टेपवर्मचे तुकडे, जे शेपटीखाली तांदळाएवढे चिकटलेले असतात. हुकवर्म असतो जेमतेम एक-दोन सेंटीमीटरचा, दोऱ्यापेक्षा बारीक, आणि तो लहान आतड्याला दातांनी धरून बसलेला असतो, तो बाहेर येऊन कशाला दर्शन देईल. व्हिपवर्म मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला तोंड खुपसून राहतो, तोही क्वचितच दिसतो. म्हणजे जे सगळ्यात जास्त रक्त पितात तेच डोळ्याला दिसत नाहीत.

रक्ताचा हिशोब मॅडमनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे करून दाखवला तेव्हा माझं डोकं जाग्यावर आलं. कुत्र्यांमधला जो मुख्य हुकवर्म आहे, अँकायलोस्टोमा कॅनायनम, तो एकटा दिवसाला साधारण ०.१ मिलीपर्यंत रक्त घालवतो. किती किरकोळ वाटतं. शंभर जंत धरा, दिवसाला दहा मिली. खारी १७ किलोची, तिच्या अंगात सगळं मिळून सव्वा ते दीड लिटर रक्त. महिनाभरात तीनशे मिली. शिवाय हा प्राणी एका जागी स्वस्थ बसत नाही, चावा सोडतो, दुसरीकडे धरतो, रक्त गोठू नये असं काहीतरी तोंडातून सोडत असतो, म्हणून सोडलेल्या जागेतून पण रक्त पाझरत राहतं. शरीर बिचारं भरून काढतं, रोज नवीन रक्त बनवतं, म्हणून कित्येक महिने वरून कुत्रा ठणठणीत. लोह संपलं की मग घसरण. खारी माती का चाटत होती हे पण तेव्हाच कळलं, रक्त कमी असलेले कुत्रे असलं काहीबाही खायला लागतात. रक्ताबरोबर प्रथिनं पण जातात, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही आणि केसांची रया जाते. शी काळी, डांबरासारखी झाली तर सरळ कळतं, पण थोडं थोडं रक्त जात असेल तर शी नेहमीसारखीच दिसते. खारीची दिसत होतीच.

आता गोळीचा रिव्ह्यू, कारण तीही प्रॉडक्टच आहे. दिली ती तीन औषधांची एकत्र गोळी, प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल, बाजारात या मिश्रणाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आहेत आणि बहुतेक सगळ्यांचं गणित दहा किलोला एक गोळी असंच. आधी काट्यावर उभं केलं, मग गोळ्या मोजल्या. हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे मेडिकलवाला विचारतो कुत्रा केवढा आहे, समोरचा कमरेपाशी हात धरून दाखवतो, आणि त्या हाताच्या उंचीवर डोस ठरतो. कमी डोस गेला की चार जंत मरतात, चिवट तेवढे राहतात. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये तर असे हुकवर्म तयार झालेत की नेहमीची औषधंच त्यांना लागू पडत नाहीत, तिकडे वर्षानुवर्षं एकाच जागी गर्दीने ठेवलेल्या कुत्र्यांना परत परत तीच औषधं देऊन ते झालं. आपण त्या रस्त्याला नको जायला.

पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाचा, प्लीज. प्राझिक्वांटेल टेपवर्मसाठी. पायरँटेल राउंडवर्म आणि हुकवर्मसाठी. व्हिपवर्मला ही दोन्ही लागू नाहीत, त्याला फेबँटेल किंवा फेनबेंडाझोल असं काहीतरी लागतं. म्हणजे दोनच औषधांची गोळी तुम्ही दर तीन महिन्यांनी मोठ्या इमानदारीने देत असाल आणि कुत्र्याला व्हिपवर्म असेल, तर तो आत मजेत आहे. चवीबद्दल: पाकिटावर मटण फ्लेवर लिहिलंय. खारीच्या मते ते खोटं आहे. बांगड्याच्या काटे काढलेल्या तुकड्यात गेली एकदाची.

दोनेक आठवड्यांनी परत डबी घेऊन बोलावलं आणि माझ्या मते या दवाखान्याचे खरे मार्क इथे आहेत. गोळी दिली, पैसे घेतले, संपलं असं बहुतेक ठिकाणी असतं. इथे औषधाचा उपयोग झाला का हे तपासतात. अंडी कमी झाली होती पण होतीच. मला वाटलं गोळी बोगस. मॅडमचं म्हणणं, गोळी मारते आतड्यातल्या मोठ्या जंतांना, पण हुकवर्मच्या काही अळ्या कुत्र्याच्या मांसात जाऊन निजून राहतात, तिथे हे औषध पोचत नाही, आणि आतड्यात जागा मोकळी झाली की त्यातल्या थोड्या थोड्या उठून आतड्यात येतात. शिवाय गोळीचा असर टिकून राहत नाही, म्हणजे आज गोळी दिली आणि परवा कुत्रा त्याच चिखलात लोळला की नवीन भरती चालू. हुकवर्मची अळी तोंडावाटे तर जातेच पण पायाच्या कातडीतून पण आत घुसते. पावसात खारीच्या बोटांच्या बेचक्या लाल व्हायच्या त्याचं निदान थोडंफार खापर तरी यांच्यावर असावं असं मला वाटतं, मॅडम मात्र म्हणाल्या की बुरशी पण असेल.

मग फेनबेंडाझोल, किलोला ५० मिलिग्रॅम, तीन दिवस रोज, लोहाचं औषध, आणि सगळ्यात कंटाळवाणा सल्ला: आगरातली शी रोज उचला. रोज म्हणजे रोज. अंड्यातून निघालेल्या अळीला कुत्र्यात शिरण्याइतकं मोठं व्हायला ओल्या गरम मातीत साधारण आठवडा लागतो, त्याआधी शी उचलली की साखळी तुटली. हुकवर्मच्या अळ्या कडक ऊन आणि कोरडेपणा सहन करत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात आपोआप जरा सुटका होते, पण माडा-पोफळीच्या सावलीत, ओल्या पाचोळ्याखाली त्यांची चंगळ. राउंडवर्म आणि व्हिपवर्मची अंडी तर मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यांना फिनेलने काही होत नाही, फिनेलच्या वासाने आपल्यालाच स्वच्छ वाटतं एवढंच. बाबांनी यावर आधी कुरकुर केली आणि आता सकाळी फुलं काढायला जातात तेव्हा खराटा-सुपली तेच घेऊन जातात.

त्यानंतरची शी स्वच्छ आली. मी म्हटलं, सुटलो. मॅडम म्हणाल्या, ‘‘आज या डबीत अंडी नाहीत, एवढंच मी लिहून देते.’’ आणि खरंच रिपोर्टवर तेवढंच लिहिलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. कारण अंडी घालायला मादी जंत मोठी व्हावी लागते, हुकवर्मला लागण झाल्यापासून दोन-तीन आठवडे, व्हिपवर्मला जवळजवळ तीन महिने, तोपर्यंत पोटात जंत आहेत, त्रास चालू आहे, आणि शी मात्र स्वच्छ. व्हिपवर्म तर रोज अंडी सोडत पण नाही, आज आहेत उद्या नाहीत. टेपवर्मची अंडी तुकड्यांमध्ये बंद असतात म्हणून तरंगवून फारशी सापडतच नाहीत, तिथे शेपटीखाली डोळ्यांनी बघणं जास्त भरवशाचं, आणि तो सापडला तर गोळीबरोबर पिसवांचा पण बंदोबस्त करायचा कारण कुत्र्यातला नेहमीचा टेपवर्म पिसवा गिळल्यामुळेच होतो, पिसवा राहिल्या तर काही आठवड्यांत परत तेच तांदूळ. उलट पण होतं म्हणे, कुत्र्याने दुसऱ्या जनावराची शी खाल्ली असेल तर त्या जनावराच्या जंतांची अंडी याच्या शीत दिसतात आणि उगाच औषध होतं. परदेशात शीतलं जंतांचं प्रथिन पकडणारी टेस्ट पण करतात, तिच्यात अंडी घालायच्या आधीच जंत कळतात. इथे ती नाही, पण हा मी दवाखान्याचा दोष धरत नाही.

हिमोग्लोबिन हळूहळू बाराच्या वर आलं, पोस्टमनचे दिवस परत वाईट आले.

आता वेटिंगमध्ये बसून ऐकलेलं थोडं. लोक काय काय देतात कुत्र्यांना! गूळपोळी बंद केली म्हणून जंत जातील, असं एक आजोबा सांगत होते. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत हो, कुत्र्याला गोड देऊ नये हे खरं पण त्याची कारणं वेगळी. एक वहिनी रोज दोन पाकळ्या लसूण देत होत्या. लसूण कांद्याच्याच घराण्यातली, जास्त झाली तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडते, म्हणजे आधीच रक्त पिणारे जंत आणि वरून हे. पपईच्या बिया, कारल्याचा रस, सगळं ऐकलं. एकाने तर शाळेत मुलांना मिळते ती जंताची गोळी कुत्र्याला दिली होती. १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांमध्ये वाटतात ना, ती अल्बेंडाझोल. माणसांना ती चांगली, पण कुत्र्यांमध्ये तिच्यामुळे अस्थिमज्जेवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून व्हेट ती शक्यतो टाळतात. आणि म्हशीला आणलेलं आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचणं हा तर वेगळाच पराक्रम, कोली जातीच्या आणि त्यांच्या नात्यातल्या कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यांच्या मेंदूवर ते चढतं. ढुंगण घासत चालतो म्हणजे जंतच, हे पण सगळ्यांना पाठ. बहुतेक वेळा तिथल्या ग्रंथी भरलेल्या असतात.

एका ताईंनी गोणपाटात गुंडाळून पिल्लं आणली होती, तीन आठवड्यांची असतील नसतील, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. आई मात्र धष्टपुष्ट, शेजारी शेपूट हलवत उभी. हे मला आधी माहीतच नव्हतं, आईच्या अंगात निजलेल्या हुकवर्मच्या अळ्या दुधातून पिल्लांच्या पोटात जातात, आणि राउंडवर्मच्या तर जन्माआधीच, नाळेतून. घर कितीही स्वच्छ असो. पिल्लांचा जीव केवढा, अंगात रक्त केवढं, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) कधीकधी जंतांनी अंडी घालायला सुरुवात करायच्या आतच पिल्लू जातं, त्यामुळे अशा पिल्लाची शी तपासली तरी काही सापडत नाही. म्हणून पिल्लांच्या बाबतीत टेस्टची वाट बघतच नाहीत, दोन आठवड्यांची झाली की पहिला डोस, मग दूध सुटेपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला, आणि पिल्लांबरोबर आईला पण. त्या ताईंना हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, लसीच्या वेळी जंताची गोळी देतात एवढंच माहीत. लस सहा-आठ आठवड्यांना. तोवर उशीर झालेला असतो.

माणसांचं विचाराल तर घाबरून कुत्र्याला बाहेर काढू नका. राउंडवर्मचं अंडं ताज्या शीतून लगेच कोणाला लागत नाही, त्याला मातीत दोन-चार आठवडे पिकावं लागतं, म्हणून कुत्र्याच्या पाप्या घेण्यापेक्षा मातीत खेळून न धुतलेले हात तोंडात घालणं जास्त धोक्याचं, लहान मुलांमध्ये या अळ्या क्वचित डोळ्यापर्यंत जातात. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायातून आपल्या कातडीत घुसतात आणि आत वाट चुकून नागमोडी लाल रेघा काढत फिरतात, भयंकर खाज. समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या सावलीतल्या वाळूत हा प्रकार होतो, गोव्याहून परत गेलेले परदेशी पर्यटक तिकडच्या डॉक्टरांना हे दाखवत असतात. मी भाट्याच्या किनाऱ्यावर चपला घालूनच फिरते आता, घरचे हसतात.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. २०२५ च्या २२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने भटक्या कुत्र्यांबद्दल सांगितलं की रेबीजवाली आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीच्यांना नसबंदी, लस आणि जंतनाशक देऊन उचलल्या जागी परत सोडा. छान आहे, द्यायलाच हवं. पण नसबंदी आयुष्यभराची, लस निदान वर्षभराची, आणि जंताची गोळी? ती त्या दिवसापुरती. परत त्याच गटाराकाठी सोडलं की महिन्याभरात पोट परत भरलेलं. आम्ही आता वाडीतल्या बिनमालकाच्या चौघांना पण खारीबरोबरच गोळी देतो, भूतदया म्हणून थोडं आणि स्वार्थ म्हणून जास्त, कारण ते शेवटी आमच्या गडग्यापाशीच बसतात.

आता तो कापलेला अर्धा स्टार. बसायला जागा नाही, पायऱ्यांवर कुत्री, मांजरं, एक बकरी आणि त्यांचे मालक असे सगळे एकाच पत्र्याखाली, पावसात तर विचारू नका. रिपोर्ट हाताने लिहिलेला आणि अक्षर डॉक्टरांचंच, मी घरी येऊन त्या मदतनीस मुलाला फोन करून वाचून घेतला. व्हॉट्सॲपवर उत्तर येईल तेव्हा येईल. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं पण रेंज असेल तर. शनिवारी नमुना सकाळी दहाच्या आतच घेतात आणि रविवारी बंद, म्हणजे नोकरीवाल्यांनी अर्धी रजा टाकायची तयारी ठेवावी. हिशोबाला मात्र चोख. फी आधी सांगतात, टेस्टला जे पैसे गेले ते खारीच्या एका वेळच्या गोळ्यांच्या आसपासच, आणि गरज नसताना गोळी खपवत नाहीत, मागच्या वेळी शी स्वच्छ होती तर गोळी न देता पावसाळा सुरू झाला की परत या म्हणून पाठवलं.

मैत्रिणीने विचारलंय म्हणून इथेच सांगते, मांजरांची पण करतात. फक्त लिटरच्या वाळूचे खडे निवडून आणा, मुलगा त्यावरून फार वैतागतो.